१७ सप्टेंबरच्या भाषणात १८ सप्टेंबरपासूनचं पण सांगा

प्रति,
मराठवाड्यात दर १७ सप्टेंबरला झेंड्याजवळ माइक हातात घेणारे सगळे, म्हणजे पालकमंत्री, आमदार, खासदार, जिल्हाधिकारी साहेब, सभापती, सरपंच, मुख्याध्यापक आणि आमचे शाळेतले सर-मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात वकिली करते, जास्त करून जमिनीचे दावे, म्हणजे वाटणी, कूळ, इनाम, बांध, वारस, हेच. शाळेत होते तेव्हापासून मुक्तिसंग्राम दिनाची भाषणं ऐकत आले आणि आता ती जवळपास पाठ झालीत. निजाम किती जुलमी होता, रझाकारांनी काय काय केलं, स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, सरदार पटेल, १३ सप्टेंबरला सोलापूरकडून नळदुर्गला फौज आत आली, १७ ला निजाम शरण, मराठवाडा मुक्त, भारतमाता की जय, मग पोरांना बिस्किटाचा पुडा आणि घरी. यातलं काही खोटं नाही, सांगायलाच पाहिजे, बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यासारखी बाई हातात बॉम्ब घेऊन उभी राहिली हे आमच्या पोरींना दरवर्षी ऐकू द्या. माझं म्हणणं एवढंच आहे की तुम्ही गोष्ट अर्ध्यात सोडता.

कारण बघा, १८ सप्टेंबर १९४८ ला, ज्या दिवशी तिकडं निजामाच्या फौजेचे जनरल एल इद्रूस यांनी भारतीय फौजेच्या जनरल चौधरींपुढं रीतसर शरणागती पत्करली त्या दिवशी, आमच्या भागातला एखादा कुणबी किंवा मांग किंवा पिंजारी सकाळी उठला तेव्हा त्याच्या खिशात पैसा निजामाचा होता, कोर्टाचा कागद उर्दूत होता, शेत जहागीरदाराच्या नावावर होतं, गावात शाळा बहुतेक नव्हतीच, आणि मत देणं म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं कारण कुणी कधी विचारलंच नव्हतं. बाकी भारताला १५ ऑगस्ट १९४७ ला जे मिळालं ते आपल्याला १३ महिने उशिरा मिळालं हे आपण अभिमानाने आणि थोडं रागाने सांगतो, पण मिळाल्यावर पुढं १२ वर्षं म्हणजे १९६० पर्यंत हे एकेक बदलायला किती माणसं झिजली, कुठं जमलं, कुठं फसलं, कुठं रक्त सांडलं, ते आपण सांगतच नाही. माझ्या मते देश उभा करणं म्हणतात ते हेच, आणि त्यातलं बरंचसं काम अजून माझ्या टेबलावर फायलीच्या रूपात पडलेलं असतं म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

आधी थोडं मागचं. हैदराबाद संस्थान म्हणजे १६ जिल्हे, त्यातले आपले ५ (औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद), ८ तेलंगणातले आणि ३ कन्नड. लोकसंख्या दीड कोटीच्या वर. स्वतःचं नाणं, स्वतःची रेल्वे, स्वतःचं टपाल तिकीट, स्वतःची फौज, आणि सीमेवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके, म्हणजे बार्शीहून माल आणायचा तर वाटेत सरकारी माणूस वसुलीला बसलेला. चळवळीत लोकांनी हे नाके जाळले ते उगाच नाही. सभा घ्यायची तर गस्ती निशान ५३ आडवं यायचं, परवानगीशिवाय चार माणसं जमवून बोलायची सोय नव्हती. मीर उस्मान अली खानने १९४७ च्या जूनमध्येच फर्मान काढून सांगितलं होतं की मी स्वतंत्र राहणार, मग नोव्हेंबरमध्ये भारताशी जैसे थे करार झाला, आणि त्याच सुमारास लातूरला वकिली करणारा कासिम रझवी रझाकारांचा म्होरक्या झाला. हे सगळं तुमच्या भाषणात असतं. त्यात एक नाव मात्र क्वचित असतं, शोएबुल्ला खान. 'इमरोज' नावाचं उर्दू वर्तमानपत्र काढायचा हा तरुण संपादक, त्याने लिहिलं की हैदराबादने भारतात सामील व्हावं, आणि त्याच्यासाठी ऑगस्ट १९४८ मध्ये, पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे भारतीय फौज आत यायच्या, तीनच आठवडे आधी, त्याला भर रस्त्यात मारून टाकलं. उर्दूत लिहिणारा मुसलमान, भारतासाठी गेलेला. प्लीज हे नाव घ्या. आठवीच्या पोराला हे नाव माहीत असलं तर व्हॉट्सॲपवर येणाऱ्या निम्म्या फॉरवर्डवर तो स्वतःच प्रश्न विचारील.

आता पैशाचं. आमच्याकडची जुनी माणसं 'हाली' आणि 'कलदार' असं बोलायची, हाली म्हणजे निजामाचा रुपया आणि कलदार म्हणजे इंग्रज सरकारचा, साधारण ७ हालीला ६ कलदार असा भाव. मुक्त झालो म्हणून हाली दुसऱ्या दिवशी बंद नाही झाला, काही वर्षं दोन्ही चालले, बाजारात हिशोब दोन्हीत व्हायचा, आणि सावकाराला कुठला भाव कुठं लावायचा हे चांगलं कळायचं, अडाणी माणसाला नाही कळायचं. रेल्वेचं तर विचारूच नका, मनमाड-काचीगुडा मार्ग निजामाच्या काळात मीटरगेज घातला तो मनमाडकडून रुंद व्हायला ९० चं दशक उजाडलं. असो, त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

माझा रोजचा विषय जमीन, म्हणून तिथं जरा थांबते.

निजामाच्या राज्यात साधारण ६० टक्के मुलूख दिवाणी, म्हणजे थेट सरकारी महसुलाचा, बाकी जहागिरी आणि सर्फ-ए-खास, म्हणजे खुद्द निजामाच्या खासगी खर्चाचा. जहागिरीतल्या माणसाला राजा, तहसीलदार, कोर्ट, सगळं जहागीरदारच. फेब्रुवारी १९४९ मध्ये सर्फ-ए-खास दिवाणीत विलीन केलं आणि ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी रद्द करायचा हुकूम निघाला. वर्षाच्या आत! लष्करी गव्हर्नरच्या राज्यात, निवडणूक व्हायच्या आधी. मग १९५० मध्ये हैदराबाद कूळवहिवाट आणि शेतजमीन कायदा आला, ज्याच्यात संरक्षित कूळ हा प्रकार आहे, आणि पुढं त्यात ३८-ई कलम घातलं, की अमुक अटीत बसणारं कूळ आता मालक. कायदा वाचाल तर अंगावर काटा येतो इतका चांगला आहे. ज्या लोकांनी तो लिहिला त्यांना खरंच वाटत होतं की कसणाऱ्याला जमीन द्यायची, आणि शेजारी तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा पेटलेला होता म्हणून घाईही होती. त्याच तेलंगणात एप्रिल १९५१ मध्ये पोचमपल्लीला विनोबांना पहिली भूदानाची जमीन मिळाली, ती पण ह्याच हैदराबाद राज्यात, हे आपल्या पोरांना कोण सांगतं?

पण कायदा आला आणि कागद कुणाच्या हातात होता? गावचा पटवारी, माली पाटील, पोलीस पाटील, पिढीजात वतनावर बसलेले. संरक्षित कुळांची यादी झाली त्याच्यात ज्याचं नाव लागलं तो वाचला, आणि ज्याचं लागलं त्याच्याकडूनही पुढं 'राजीनामे' घेतले गेले, म्हणजे मी स्वखुशीने जमीन सोडतो असा कागद आणि खाली अंगठा. असे अंगठे मी बघितलेत. शाई पसरून गोल डाग झालेला, बाजूला पटवाऱ्याच्या वळणदार अक्षरात नाव, वल्द अमुक, साकिन अमुक, आणि दोन साक्षीदार, दोन्ही मालकाच्या भावकीतले. कुणाचं नाव-गाव सांगणार नाही, पण एक आज्जी माझ्याकडं तसा कागद घेऊन आली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला, आणि म्हणाली, "बाई, माझ्या सासऱ्यानं जमीन स्वखुशीनं सोडली म्हणत्यात, मग तो मरेस्तोवर रोज त्या बांधावर जाऊन का बसायचा?" मला उत्तर देता आलं नाही. मुदतीचा कायदा आडवा येतो, साक्षीदार वारले, आणि दुसऱ्या बाजूला ज्याच्या नावावर जमीन आहे तोही आता तिसऱ्या पिढीचा गरीबच माणूस आहे, त्याचाही दोष नाही. सगळे कागद असे खोटे होते असं मी म्हणत नाही, कित्येक कुळं खरंच मालक झाली, माझ्या माहितीतली कितीतरी घरं त्या एका कायद्यावर उभी राहिली, पोरं शिकली, मास्तर झाली. दोन्ही झालं. दोन्ही सांगा.

आणि ते खासरा पत्रक! मराठवाड्यातल्या कुठल्याही वकिलाला, तलाठ्याला विचारा, १९५४-५५ चं खासरा पत्रक म्हणजे काय ते. ज्याच्या दाव्यात ते निघालं त्याचा चेहराच बदलतो. नव्या सरकारच्या माणसांनी गावोगाव शेतात जाऊन लिहिलं की हा सर्व्हे नंबर, कब्जा कुणाचा, कसतो कोण, पीक काय, विहीर आहे का. नव्या देशाला पहिल्यांदा कळत होतं की आपल्या जमिनीवर नेमकं कोण उभं आहे. उन्हातान्हात पायी फिरून ही पत्रकं भरणाऱ्या माणसांची नावं कुठल्याच हुतात्मा स्तंभावर नाहीत आणि असायची गरजही नाही, पण भाषणात एक वाक्य तरी त्यांच्या वाट्याला यावं असं मला फार वाटतं.

ह्याच्या आधीचं रेकॉर्ड मात्र उर्दूत, काही ठिकाणी मोडीत. साल फसली, म्हणजे १३५७ फसली लिहिलं असेल तर ५९० मिळवायचे, १९४७-४८ निघतं. महिने आजूर, दय, बहमन असे. आमच्या इथं उर्दू शाळेतून रिटायर झालेले एक सर आहेत, आम्ही त्यांना सरच म्हणतो, घाईत लिहिलेलं ते शिकस्ता अक्षर तालुक्यात त्यांच्याइतकं कुणाला वाचता येत नाही. बस्ता, म्हणजे जुन्या कागदांचं गाठोडं, सोडायचा, धूळ झटकायची, कागद खिडकीकडं धरायचा, भिंग लावायचं आणि सर हळूहळू वाचतात, मध्येच थांबून म्हणतात, "ये देखो, तुमच्या पक्षकाराचे आजोबा." हिंदू शेतकऱ्याचा आजा उर्दू कागदात सापडतो आणि तो सापडवून देणारा माणूस ऐंशीच्या घरातला आहे. त्यांच्यानंतर कोण? एका कचेरीत मला सरळ सांगितलं गेलं की कागद आहे पण वाचता येणारं कुणी नाही, तुम्हीच माणूस आणा. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला सगळं सरकार निजामकालीन रेकॉर्डच्या मागं लागलं, २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटवर शासन निर्णय निघाला, तेव्हा सगळ्यांना कळलं की ह्या बस्त्यांमध्ये काय काय आहे. आरक्षणाच्या प्रश्नावर ह्या पत्रात मी बोलणार नाही, त्याला दुसरी जागा आहे. पण माणसाची ओळख, जमीन, जात, वारसा, सगळं ज्या कागदावर अवलंबून, तो वाचायला तालुक्याला एक माणूस नको का?

आता जे लिहिणार आहे ते लिहू की नको असा लई विचार केला. पण लिहिते.

१७ सप्टेंबरनंतरच्या आठवड्यांत आमच्या जिल्ह्यात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. मला माहीत आहे. गावातल्या म्हाताऱ्यांना माहीत आहे. रझाकारांनी वर्षभर जे केलं होतं, गावं लुटली, बायकांची अब्रू घेतली, माणसं मारली, लोक बिऱ्हाड डोक्यावर घेऊन सोलापूर-बार्शीकडं पळाले, त्याचा सूड निघाला आणि तो निघाला ज्यांनी केलं त्यांच्यावर कमी आणि ज्यांनी काहीच केलं नव्हतं अशा साध्या मुसलमान शेजाऱ्यांवर जास्त. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवलं, ते नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये फिरले आणि त्यांनी सावधपणे धरून २७ हजार ते ४० हजार माणसं मेली असा अंदाज दिला, सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे सांगितले, उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. त्यावेळच्या उस्मानाबादमध्ये आजच्या लातूर जिल्ह्याचा काही भाग पण येतो. आकड्यावर तेव्हाही वाद झाला, आजही आहे, आणि अहवाल तर कित्येक दशकं लोकांपुढं आलाच नाही. पण त्याच अहवालात हे पण आहे की ठिकठिकाणी हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं. अशी घरं आपल्या भागात आहेत. कणगीत लपवलं, कुंकू लावून आपली लेक म्हणून सांगितलं, असल्या गोष्टी मी लहानपणी ऐकल्यात, दारं बंद करून हळू आवाजात सांगितलेल्या.

मला कळतं की झेंड्यासमोर, पाचवीच्या पोरांसमोर हे कसं सांगायचं हा प्रश्न आहे. सगळं सांगू नका. पण दहावी-बारावीच्या पोरांना सांगा, आणि मोठ्यांच्या सभेत तरी सांगा, की नवा देश घडताना पहिली कसोटी हीच होती, ज्याने आपल्याला छळलं त्याच्या धर्माच्या माणसाला नागरिक म्हणून बरोबर घेणं, आणि त्यात आपण काही ठिकाणी हरलो, काही ठिकाणी जिंकलो. कालपर्यंत ज्याच्या नावाने राज्य चाललं तोच निजाम २६ जानेवारी १९५० पासून १९५६ पर्यंत राज्याचा राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा, होता, जेलमधून सुटून आलेल्या आमच्या कार्यकर्त्यांना ते किती टोचलं असेल! तरी लोकांनी ते सहन केलं, कारण देश चालवायचा होता. दरवर्षी १७ सप्टेंबरच्या आसपास मोबाईलवर ज्या रील फिरतात त्यांच्यात आजच्या शेजाऱ्याकडं बोट दाखवलेलं असतं, आणि स्टेजवरून तुम्ही गप्प राहता म्हणून ते बोट आणखी लांब होतं. तुमच्या एका वाक्याने गावातलं वातावरण बदलतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

चांगलं पण खूप आहे सांगण्यासारखं, आणि तेही तुम्ही सोडून देता ह्याचं मला जास्त वाईट वाटतं. १९५२ ची पहिली निवडणूक घ्या. ज्यांना साडेतीन वर्षांपूर्वी सभेला परवानगी लागत होती ते लोक रांगेत उभे राहिले, शेतमजूर, बलुतेदार, बायका, सगळ्यांना एकच मत, पाटलालाही एक आणि त्याच्या सालगड्यालाही एक. त्यावेळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, पेटीवर त्याचं चिन्ह, वाचता यायची गरजच नाही, चिन्ह बघायचं आणि कागद त्या पेटीत टाकायचा. त्या वेळच्या हैदराबाद राज्यात शंभरात दहा माणसांनासुद्धा लिहिता-वाचता येत नव्हतं हे लक्षात घ्या, म्हणजे ह्या साध्या युक्तीची किंमत कळेल. देशभरात २८ लाखांच्या आसपास बायकांची नावं यादीतून काढावी लागली कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं. आजसुद्धा माझ्याकडं वारसाच्या केसमध्ये बायका येतात तेव्हा पहिला प्रश्न नावाचाच असतो, माहेरचं एक, सासरचं दुसरं, आधारवर तिसरं. तर मार्च १९५२ मध्ये बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले, आणि चळवळीत आयुष्य घातलेले आपले दिगंबरराव बिंदू त्या सरकारात गृहमंत्री. काल ज्या पोलिसांपासून लपत फिरायचं, आज ते पोलीस खातंच हातात. ते कसं चालवायचं हे कुणी शिकवलं नव्हतं.

शिक्षणाचंही तसंच. उस्मानिया विद्यापीठ १९१८ पासून उर्दू माध्यमाचं, पुढचं शिकायचं तर उर्दू यायलाच पाहिजे, मराठी शाळा खासगी संस्थांनी कशाबशा जगवलेल्या. १९५० मध्ये एकाच वर्षी दोन कॉलेजं सुरू झाली, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज, म्हणजे आजचं मिलिंद. बाबासाहेबांनी मुंबई-पुण्यात सोय असताना मुद्दाम मराठवाडा निवडला कारण इथं काहीच नव्हतं, आणि १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तिथं कोनशिला बसली. गावकुसाबाहेरची पोरं तिथं पहिल्यांदा पदवीपर्यंत गेली. मग २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ, उद्घाटनाला नेहरू. इथपर्यंत सांगायला सगळ्यांना आवडतं. पण त्याच विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात झाला तेव्हा मुक्तिसंग्रामाची परंपरा सांगणाऱ्या ह्याच मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांना जिवंत जाळलं, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. १६ वर्षं. निजामाला घालवायला जेवढी हिंमत लागली त्यापेक्षा जास्त हिंमत आपल्याच गावातली उतरंड मोडायला लागते, आणि ती गोष्ट मुक्तीच्या गोष्टीत नसेल तर गावातल्या अर्ध्या लोकांना ते झेंडावंदन आपलं कसं वाटेल? गायरानावर पिढ्यान् पिढ्या कसणारी माणसं माझ्या ऑफिसात बसलेली असतात, सातबारा नाही म्हणून पीकविमा नाही, कर्ज नाही. त्यांच्यासाठी १८ सप्टेंबर अजून आलेला नाही असं मी म्हणलं तर तुम्हाला राग येऊ नये.

आणि शेवटी राज्याचं. संस्थान फोडून भाषेप्रमाणे वाटावं की हैदराबाद एकत्र ठेवावं ह्यावर तेव्हा मोठा वाद होता, नेहरूंचं मन संस्थान मोडायला तयार नव्हतं, स्वामीजी मात्र ठाम होते. १ नोव्हेंबर १९५६ ला तीन भाषांची माणसं तीन राज्यांत गेली, एकाच जेलमध्ये एकाच ताटात जेवलेले कार्यकर्ते. मराठवाडा द्विभाषिक मुंबईत आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. आपण बिनशर्त आलो असं आपण म्हणतो, पण २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार काढून वाचा, त्यात निधी, शिक्षणाच्या सोयी, नोकऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात द्यायचं लिहिलेलं आहे. पुढं घटनेच्या ३७१(२) कलमाखाली मराठवाड्यासाठी वैधानिक विकास मंडळ यायला १९९४ साल लागलं, आणि ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. हायकोर्टाचं खंडपीठ औरंगाबादला १९८१ मध्ये बसायला लागलं, त्याच्याआधी आमच्या आज्या-पणज्यांच्या दाव्याचं अपील मुंबईला. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केली, तरी २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आमदार-खासदार मंडळींनो, ह्यातलं काय राहिलंय ते तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार. विदर्भाचा आमदार नागपूर करार पाठ म्हणून दाखवतो, आपल्याकडं किती जणांनी तो वाचलाय हे मनाला विचारा.

तर माझी मागणी साधी आहे. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातल्या मोठ्या कार्यक्रमापासून ते वाडीवरच्या शाळेपर्यंत, भाषण वीस मिनिटांचं असेल तर त्यातली पाच मिनिटं १९४८ ते १९६० ह्या काळाला द्या. आपल्या गावातलं सांगा, गावात पहिली शाळा कधी आली, जहागीर होती का, कुणाची, पहिलं मतदान कुठं झालं. ज्यांनी १९४८ डोळ्यांनी बघितलं ते आता सगळे ऐंशीच्या पुढचे आहेत, दर पावसाळ्यात त्यातले काही जातात, शाळेतल्या पोरांना मोबाईल देऊन त्यांच्याकडं पाठवा, मुसलमान मोहल्ल्यात पण पाठवा, आज्ज्यांकडं पण पाठवा, नुसत्या पेन्शनवाल्या स्वातंत्र्यसैनिकांकडं नको. आणि जिल्हाधिकारी साहेब, रेकॉर्ड रूमसाठी उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं मानधनावर का होईना नेमा आणि जुन्या लोकांकडून तरुण पोरांना शिकवून घ्या, आपल्याकडं उर्दू शाळांतून शिकलेली कितीतरी पोरं-पोरी बेकार बसलीत, त्यांना हे काम चांगलं जमेल. ह्याला फार पैसा लागत नाही.

आमच्याकडून जे होईल ते आम्ही करू. उर्दूचे सर आणि मी, आम्ही दोघांनी ठरवलंय की धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेने बोलावलं तर यायचं, जुन्या कागदांच्या झेरॉक्स घेऊन, फसली साल कसं मोजायचं, खासरा पत्रक कसं वाचायचं ते पोरांना दाखवायला. मानधन नको. फक्त शनिवारची सकाळची शाळा धरा, बाकीचे दिवस मला कोर्ट असतं, आणि सरांना जिना चढवत नाही तेवढा खालचा वर्ग द्या.

आपली,
धाराशिव जिल्ह्यातली एक वकील